रद्द केलेल्या रात्री

२ मार्च २०२५

प्रिय रोवेना,

माझं पत्र आलेलं तुला आवडणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. पत्ता तुझ्या लेकाने, डेनिसने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याला तीनदा फोन केला आणि तिसऱ्यांदा त्याने वैतागून दिला. तुझ्या डोळ्यांना आता मधोमधचं काहीच दिसत नाही, आलेली पत्रं तो वाचून दाखवतो, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे हे पत्र तो वाचतो आहे. डेनिस, सावकाश वाच, शब्द खाऊ नकोस.

येत्या एप्रिलमध्ये मी मंडळाचं काम सोडते आहे. जिल्ह्यातल्या बारीक पतंगांच्या नोंदी तपासण्याचं काम एकेचाळीस वर्षं केलं, पुरे झालं. माझ्या जागी टॅमसिन ब्रॉड नावाची मुलगी येते आहे. एकतीस वर्षांची आहे. दिवसा जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांची नखं कापते आणि सकाळी सहाला उठून, रात्री दिव्यावर कोणते पतंग आले ते पाहायला आपला सापळा तपासते. पहिल्यांदा घरी आली तेव्हा दारातच म्हणाली, "ऑड्री, तुमच्याकडे बसायला एक तरी खुर्ची रिकामी आहे का?"

"पुस्तकं उचल आणि बस."

"उचलून कुठे ठेवू?"

"मांडीवर."

तिने ठेवली आणि तशीच दोन तास बसली. काम करील असं वाटतं.

तिच्या हाती सगळं नीट सोपवायचं आहे. त्यासाठी तुझ्या थ्रिफ्ट लेनच्या घरच्या वह्या, १९८० ते १९९८ च्या, थोडे दिवस हव्या होत्या. डेनिस आणून देईल, मी परत पाठवीन. जुन्या नोंदी पूर्ण असाव्यात एवढंच. दुसरा हेतू नाही.

ऑड्री


११ मार्च

प्रिय रोवेना,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर डेनिसचं, पण शब्द तुझेच आहेत. "मेलेल्या नोंदी कशाला उकरतेस?"

दुसरा हेतू नाही असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. आता सरळ लिहिते.

तुझा १४ ऑगस्ट १९९८ चा पतंग तू म्हणालीस तोच होता. त्याचं लॅटिन नाव लिहीत नाही, ते तुला पाठ आहे आणि डेनिसला उच्चारता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात तो पहिल्यांदा तुला सापडला होता. तू खोटं बोलली नव्हतीस. चूक माझी होती.

कशी झाली ते क्रमाने सांगते. तुला यातलं बहुतेक माहीत आहे, पण वाचणाऱ्यालाही कळलं पाहिजे.

खोळवाले पतंग वरून सगळे सारखेच दिसतात. नखाएवढेही नसतात, रंग वाळलेल्या गवताचा. त्यांच्या अळ्या स्वतःभोवती रेशमाची खोळ विणतात आणि ती घेऊन झाडावर फिरतात, म्हणून हे नाव. अळी हाती असेल तर खोळीवरून जात कळते. दिव्यावर आलेलं पाखरू मात्र पोट काढून, पोटॅशमध्ये उकळून, आतला भाग काचपट्टीवर लावूनच ओळखावं लागतं. पंख टाचणीवर राहतात, पोट बशीत जातं. कोणतं पोट कोणत्या पंखांचं, हे सांगणारा एकच धागा असतो, तो म्हणजे बशीखालच्या चिठ्ठीवरचा क्रमांक.

१९९९ च्या जानेवारीत एका संध्याकाळी मी आठ पोटं उकळली. त्यातलं एक तुझ्या सापळ्यातल्या त्या पतंगाचं होतं. दुसरं एक स्पेनचं होतं. ऑगस्टच्या शेवटी तू आणि तुझा अल्बर्ट तिकडे आठवडाभर गेला होतात आणि माझ्यासाठी गोळ्यांच्या डबीत कापूस घालून सहा पाखरं आणली होतीस. मी म्हणाले होते, "दारूची बाटली आणली असतीस तर निदान प्यायला तरी आली असती." त्या संध्याकाळी या दोन बश्यांखालच्या चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या. कशा, ते मला आठवत नाही. फोन वाजला असेल. तो कोणाचा, हेही आठवत नाही.

परिणाम असा झाला की तुझ्या पंखांना स्पेनचं पोट मिळालं. मी काच पाहिली. या देशात कधीच न सापडलेली जात. आणि तू पतंग माझ्याकडे दिलास तो स्पेनहून आल्यावर, तेव्हा तारीखही खोटीच असं मी धरलं. मला कोडं पडलंच नाही, तिथेच मी चुकले. स्पेनच्या पाखराची काच पाहिली असती तर त्यात तुझं पोट दिसलं असतं. पण ते आपल्या जिल्ह्याचं नव्हतं, म्हणून न पाहताच डबीत टाकलं.

आता टॅमसिनने ती डबी तपासली आणि हे उघड झालं.

पुरावा मागशील. तो असा. पुढचा आणि मागचा पंख एकमेकांत अडकवणारा केस पंखांच्या मुळाशी असतो. नराला एकच, जाड. मादीला दोन-तीन, बारीक. तुझ्या टाचणीवरच्या पंखांना तीन केस आहेत, म्हणजे ती मादी. तिच्या नावाने लावलेली काच नराची आहे. स्पेनच्या पाखराचं नेमकं उलट. भिंगातून पाहायला दोन मिनिटं लागतात. मी नवीन माणसांना हे पहिल्याच दिवशी शिकवत आले. तुझ्या पतंगाच्या बाबतीत मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

दिली असती तर फेब्रुवारीतली ती सभा झाली नसती.

तुला सगळं आठवत असेल. मीही काही विसरलेली नाही. मंडळाचा नियम मीच घालून दिला होता: ज्याची एक नोंद खोटी ठरली, त्याची कोणतीच नोंद धरायची नाही. मी उभी राहून म्हणाले की रोवेनाने परदेशातला पतंग स्वतःच्या सापळ्यातला म्हणून दिला आहे, तेव्हा तिच्या एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदी रद्द कराव्यात. क्लॉड विपल तेव्हा चिटणीस होता. तो माझ्या बाहीला धरून कुजबुजला, "ऑड्री, अगं, ती तुझी बहीण आहे."

मी मोठ्याने म्हणाले, "म्हणूनच."

तू तिसऱ्या रांगेत होतीस. "तिची खोळ मी पाहिली आहे," असं म्हणालीस. "बांधाच्या दाराजवळ, जांभळ्या फुलांवर."

"मग खोळ कुठे आहे?"

"वाऱ्याने गेली."

"सोयीचं वारं होतं," मी म्हणाले. लोक हसले. तू कोट घेतलास आणि गेलीस. दोन मिनिटांनी परत आलीस, चहाच्या टेबलावरची सँडविचं रुमालावर उलटी केलीस, "ताट माझं आहे," म्हणालीस आणि ताट घेऊन गेलीस. तेव्हापासून आपण बोललो नाही. आईच्या दफनाच्या वेळी तू मला "सरक" म्हणालीस, ते बोलण्यात धरत नाही.

तुझी नोंदींची कार्डं आम्ही त्याच वसंतात रद्दीत दिली. थ्रिफ्ट लेनमागचं ते खारं, दलदलीचं खाजण आता नाही. २०१३ मध्ये पक्ष्यांसाठी म्हणून बांध तोडून तिथे समुद्र आत घेतला. तिथे रात्री दिव्यावर काय काय येत होतं हे सांगणारं जगात काही उरलं असेल तर तुझ्या एकोणीस वह्या. म्हणून त्या हव्या आहेत. तुझं नाव आणि ती जागा, दोन्ही यादीत परत घालायचं आहे.

ऑड्री


१९ मार्च

प्रिय रोवेना,

कार्डावर तीनच शब्द. "तुला कधी कळलं?"

लिहिलं ना, टॅमसिनने डबी तपासली तेव्हा. तारीख हवी असेल तर २० फेब्रुवारी, गुरुवार. तपशील देते.

ती जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडून बसली होती. माझे खण एकेक करून काढत होती, आणि तिची बडबड अखंड चालू असते. "ऑड्री, या खणात मेलेले पतंग कमी आणि मेलेले कोळी जास्त आहेत." "ऑड्री, हा बिस्किटाचा तुकडा कोणत्या जातीत घालायचा?" मी भाजी चिरत होते. मग ती गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते.

"ही डबी स्पेनची म्हणता?"

"वर लिहिलं आहे ना."

"लिहिलं आहे. पण यातली एक काच स्पेनची नाही. हा खाजणातला आहे. दक्षिण किनाऱ्यावरचा मी पाहिला आहे, अगदी हाच."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. आता तुम्ही बघा."

"मला बघायची गरज नाही," मी म्हणाले.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पंखांचे केस पाहायला भिंग मागितलं. त्यानंतर तुझी टाचणी मागितली. मी दोन्ही दिली. हे सगळं असं झालं.

आता वह्यांचं. डेनिसला शनिवारी सवड असेल तर मी स्वतः गाडी घेऊन येईन. वर येणार नाही. खाली दारात थांबेन.

तुझ्या नोंदींबद्दल एक गोष्ट मी तेव्हाच म्हणायला हवी होती, ती आता लिहिते. मी विद्यापीठात जाऊन प्राणिशास्त्र शिकले आणि तू सोळाव्या वर्षी रोपवाटिकेत कामाला लागलीस. म्हणून मला वाटायचं की माझ्याकडे ज्ञान आहे आणि तुझ्याकडे नशीब आहे. खरं असं होतं की तुला झाडं कळत होती. कोणत्या पानावर कोण बसेल हे तू आधी सांगायचीस, आणि मी महिनाभराने काचेत पाहून "बरोबर" म्हणायची. त्यात माझं कर्तृत्व "बरोबर" म्हणण्यापुरतंच होतं. सकाळी सापळ्यातून, पाखरं ज्यांच्या खळग्यांत बसतात ते अंड्यांचे पुठ्ठे एकेक उचलताना तू श्वास रोखून धरायचीस, पाखरं उडू नयेत म्हणून. मी पुठ्ठे आपटायची आणि वर तुलाच म्हणायची की आज काही आलंच नाही.

ऑड्री


३० मार्च

रोवेना,

तुझं कार्ड: "बघायची गरज का नव्हती?"

मागचं पत्र टाकलं आणि पेटीजवळच माझ्या लक्षात आलं की काय लिहून बसले. परत काढता येईना. तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही हेही माहीत होतं. डोळे गेले तरी तू तशीच आहेस. की मला ते सुटायला नको होतं? ठरवता येत नाही.

गरज नव्हती, कारण मी ते आधी पाहिलं होतं.

ऑक्टोबर २०११. वरच्या खोलीतला पाण्याचा नळ फुटला आणि कपाट हलवावं लागलं. सगळे खण जमिनीवर पसरून मी ओल टिपत होते. स्पेनची डबी उघडली. कापूस भिजला होता, म्हणून काचा बाहेर काढल्या, आणि पुसता पुसता सवयीने एक उजेडाकडे धरली. पुढे काय ते तू ओळखलं असशीलच. मी तिथेच, ओल्या जमिनीवर, तुझी टाचणी काढली आणि केस मोजले. तीन. पुन्हा मोजले. तीनच.

मग काचा पुसून परत डबीत ठेवल्या. डबी सगळ्यात खालच्या खणात. नळवाल्याला चहा दिला.

म्हणजे मला चौदा वर्षं माहीत आहे.

का गप्प बसले ते लिहायला हवं. त्या हिवाळ्यात माझी जिल्ह्याची यादी छापायला गेली होती. सत्तावीस वर्षांचं काम, एकशे नव्वद पानं, तुझ्या नोंदी वगळून. एक जात वाढवायची असती तर एक ओळ घालून भागलं असतं. पण ती ओळ घालायची म्हणजे तुझं नाव आलं. तुझं नाव आलं की तुझ्या बाकीच्या नोंदी आल्या, आणि मग पानागणिक माझी यादी चुकीची. लोकांनी विचारलं असतं, ऑड्रीने बहिणीला कशावरून काढलं? मी स्वतःला सांगितलं की आवृत्ती निघू दे, मग पुरवणीत सांगू. पुरवणी निघाली. नंतर दुसरी निघाली. एकदा गप्प बसल्यावर दर वर्षी आणखी एक वर्ष लपवायचं वाढतं.

एवढंच असतं तरी मी निदान स्वतःशी जमवून घेतलं असतं. पण बांध २०१३ मध्ये तोडला. त्याआधी एक अख्खा उन्हाळा हातात होता. मी तोंड उघडलं असतं तर दहा माणसं खाजणात गेली असती, जांभळ्या फुलांवर खोळी शोधल्या असत्या, दिवे लावले असते. सापडल्या असत्या. कदाचित बांध तरीही तोडला असता, पतंगांसाठी कोण थांबतं. पण तिथे ते होते हे कळलं असतं. किती होते, कधीपासून होते, तिथून पुढे कुठे गेले. आता एक टाचणी आहे आणि तुझ्या वह्या आहेत.

मी एप्रिल २०१३ मध्ये तिथे गेले होते. नव्या बांधावर उभी राहून पाणी येताना पाहिलं. सगळे फोटो काढत होते. क्लॉडने विचारलं, "एवढा चेहरा का पाडला आहेस? पक्ष्यांना चांगलं होणार." मी म्हणाले वारं डोळ्यांत जातं.

टॅमसिनलाही सांगितलं. तिला संशय आलाच होता. ती हातातलं भिंग पुसत राहिली. मग म्हणाली, "मी तुमची यादी पाठ केली आहे, ऑड्री. शब्दशः. बाथरूममध्ये ठेवून."

"मग आता विसर."

"तुम्हाला सगळंच सोपं वाटतं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. काम अर्धं राहिलं होतं.

वह्या मागण्याचा मला हक्क नाही हे कळतं. मागत मात्र राहणार. माझ्यासाठी नाही.

ऑड्री


१२ एप्रिल

रोवेना,

तुझं कार्ड नाही. दोन आठवडे झाले. काल डेनिसचा फोन आला. म्हणाला, "मावशी, आई म्हणते वह्या तिच्या पलंगाखाली आहेत आणि तिथेच राहतील." मी विचारलं, आणखी काही म्हणाली का? त्याने आवाज खाली आणला. "म्हणाली. पण ते मी फोनवर बोलणार नाही, बाजूला मुलं आहेत."

ठीक.

एक गोष्ट स्पष्ट करते. २६ एप्रिलला वार्षिक सभा आहे, त्याच सभागृहात, दुपारी दोनला. तिथे मी सगळं सांगणार आहे. बश्यांचं, चिठ्ठ्यांचं, १९९९ चं आणि २०११ चंही. हे वह्यांच्या बदल्यात नाही. तू वह्या दिल्यास तरी सांगणार, बंबात घातल्यास तरी सांगणार. क्लॉड आता अध्यक्ष आहे. त्याला आधी कल्पना दिली तेव्हा त्याने मला समजावलं. "जुनी गोष्ट आहे. चिठ्ठ्या बदलल्या एवढं सांग, लोक हळहळतील आणि केक खातील. २०११ कोणाला माहीत आहे?"

"मला."

"तुझ्या निरोपाची सभा आहे, ऑड्री. तुला भेट द्यायची आहे. वर्गणी काढली आहे आम्ही."

"कसली भेट?"

"ते आधी सांगत नाहीत."

"परत करता येण्यासारखी आहे का तेवढं सांग."

तो म्हणाला तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही. मी म्हणाले, मला एक सख्खी बहीण आहे.

यायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझं म्हणशील तर, तू समोर असलीस तर मला बोलणं जड जाईल, आणि ते जड जावं असं मला वाटतं.

ऑड्री


२७ एप्रिल

रोवेना,

तू काल चहाला न थांबता गेलीस. डेनिसने गाडीचं दार लावलं तेव्हा मी पायऱ्यांवर होते. तुम्हाला हाक मारली नाही. तिथे जे झालं ते तुला ऐकू आलं, पण सगळं दिसलं नसणार, आणि डेनिस अर्धा वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. म्हणून लिहिते.

सभासद चौतीस होते. तुला धरून. टॅमसिन दारात नावं लिहून घेत होती. तू तिला म्हणालीस, "माझं नाव लिही. सभासद म्हणून. वर्षाचं." तुला कोणी ओळखलं नाही, कारण बहुतेक जण १९९९ नंतर आलेले. क्लॉडने ओळखलं. त्याच्या हातातला कप बशीवर वाजला, तो आवाज तू ऐकला असशील.

मी बोलले ते तू ऐकलंस. कागद समोर होता पण वाचला नाही. २०११ पाशी आले तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक बाई, नाव सांगत नाही, स्वेटर विणता विणता थांबली. शेवटी मी म्हणाले की रोवेनाच्या सगळ्या नोंदी परत घ्याव्यात आणि मंडळाने तिची माफी मागावी. तिथे तू मागून बोललीस. "माफी राहू दे. आणि नोंदी अशा घाऊक परत घ्यायच्या नाहीत. त्यातल्या काही चुकल्या असतील. एकेक तपासा, दुसऱ्या कोणाच्याही तपासाल तशा. आणि तपासणारी ही नको. ती पोरगी."

"पोरगी म्हणजे मी," टॅमसिन म्हणाली.

"मग उठ आणि हे घे. माझे हात दुखायला लागले."

ती वह्यांच्या दोन पिशव्या घेऊन पुढे आली तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते तुला सांगायला हवं. तिने वरची वही तिथेच उभ्या उभ्या उघडली. पहिलं पान, मे १९८०. शाई फिकट झाली आहे पण अक्षर लागतं. वारा, ढग, दिव्याची जागा, सापळ्यात काय, भिंतीवर काय, आणि प्रत्येक नावापुढे कोणतं झाड जवळ होतं ते. ते झाडांचं कोणीच लिहीत नाही. मीही लिहीत नव्हते. ती सभा विसरून वाचत राहिली. क्लॉडला दोनदा खाकरावं लागलं.

त्यानंतरचा माझा ठराव तुला ऐकू आला. नियम सगळ्यांना एकच असावा. ज्याची एक गोष्ट जाणूनबुजून खोटी ठरली, त्याची कोणतीच नोंद धरायची नाही. १९९९ मध्ये माझी चूक होती, २०११ मध्ये ती चूक नव्हती, खोटेपणा होता. तेव्हा माझ्या एकेचाळीस वर्षांच्या नोंदी आणि छापील यादी मंडळाने रद्द करावी.

मग जो गोंगाट झाला त्यात कोण काय म्हणालं ते तुला कळलं नसेल. कोणी म्हणालं, "बाई थकल्या आहेत." कोणी म्हणालं, "इतक्या वर्षांची सेवा." क्लॉड म्हणाला, "ऑड्री, हे भावनेच्या भरात..." मी म्हणाले माझ्यावर असा आरोप याआधी कोणी केलेला नाही. एक तरुण माणूस उठून म्हणाला की तो नियमच रानटी आहे, तो काढून टाकू, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत. सव्वीस वर्षं तो नियम त्यांना चालला होता. त्याच नियमाने तुझी एकोणीस वर्षं रद्दीत गेली तेव्हा कोणाला तो रानटी वाटला नाही. माझ्यावर आला तेव्हा सगळ्यांना दया सुचली.

मी म्हणाले, नियम काढायचा तर उद्या काढा. आज तो आहे. मत घ्या.

क्लॉडने मतदान घेतलं. ठरावाच्या बाजूने कोण? मी हात वर केला. मी पुढच्या टेबलाशी उभी होते, त्यामुळे सगळे समोर दिसत होते. लोक मांडीकडे पाहत होते. टॅमसिनने वही छातीशी धरली होती, दोन्ही हातांनी. हात वर करायला नको म्हणून धरली असावी.

आणि शेवटच्या रांगेत तुझा हात वर होता. सरळ, कोपर न वाकवता, शाळेत करायचीस तसा. डेनिसने तुझी बाही खाली ओढली. तू त्याला कोपराने ढकललंस. सगळे वळून तुझ्याकडे पाहत होते, काहींना धक्का बसला होता, त्या स्वेटरवाल्या बाईने तर तोंडावर हात ठेवला. तुला त्यांचे चेहरे दिसले नाहीत. मला दिसले. त्यांना वाटलं तू सूड घेते आहेस.

तू काय घेत होतीस ते मला विचारायचं नाही. एवढंच सांगते की तो हात वर होता तेवढा वेळ मी ताठ उभी राहू शकले. बाकीच्यांनी मला म्हातारी म्हणून सोडून दिलं होतं.

क्लॉडने मोजायला फार वेळ लावला, म्हणून आकडा तुझ्यापर्यंत पोचला नसेल. कळवते. बाजूने दोन मतं, विरुद्ध एकतीस, एक तटस्थ. तटस्थ टॅमसिन. ठराव पडला. आपण दोघी हरलो.

ऑड्री